पाल्याचं अंथरूण

आतल्या खोलीत पेला वाजायला लागला.

पडला नव्हता, पडला असता तर एकदाच वाजून गप्प झाला असता. हा बारीक आणि भराभर वाजत होता, थांबतच नव्हता. चुलीत लाकूड सारता सारता तिचा हात तसाच राहिला. चांगलं उजाडलं होतं, पण वस्तीत आवाज म्हणून नव्हता. लोहाराची बायको तापानं गेली तेव्हापासून त्याची ऐरण बंद होती, आणि ऐरण बंद झाल्यावर बाकीच्यांनीही आपापले आवाज आवरते घेतले होते. कुणी दारात उभं राहून पोरांना हाका मारत नव्हतं. भांडायचं झालं तरी घरात, हळू.

ती आत गेली. नवरा अंथरुणावर उठून बसला होता. दोन्ही हातांनी पेला धरून पाणी प्यायला बघत होता आणि दात पेल्याच्या कडेवर आपटत होते. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं होतं.

"अहो, हाक मारायची की."

"मारली," तो म्हणाला. "तोंडातून निघाली नाही."

तिनं कपाळाला हात लावला आणि लगेच काढून घेतला, तापल्या भांड्यावरून काढतात तसा. मग तिची तिलाच लाज वाटली. तिनं हात परत ठेवला, या वेळी सगळा तळवा टेकवून.

"थंडी वाजतेय?"

"थंडी नाही गं. हाडं. आतून कुणीतरी खरवडतंय." त्यानं डोळे मिटले. "आणि ते दार लोट. उजेड डोक्यात जातो."

काल संध्याकाळीच हा माणूस डोंगराचं कुंपण पायी फिरून आला होता. नव्या झाडीचा राखणदार तो. सगळे त्याला राखणदारच म्हणायचे. कमरेला करगोट्यात फाटकाची किल्ली बांधलेली असायची, आत्ताही होती.

ती दार लोटायला गेली तर बाहेर सासू उभी. सासूला ती आत्या म्हणायची. आत्यानं नाकाला फडकं धरलं होतं आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं.

"पोरांना जागं करू नकोस," आत्या हळूच म्हणाली. "झोपेतच उचल आणि बाहेर काढ."

"आत्या, हा तो खोकल्याचा आजार नाही. ह्यांना खोकला नाहीच."

"तेव्हाही पहिल्या दिवशी खोकला नव्हता. ताप होता. काही होत नाही म्हणून आम्ही सगळी एका खोलीत झोपलो, आणि आठवडा उलटायच्या आत तुझा सासरा गेला आणि मोठा दीर गेला. उचल म्हणते ना."

त्या वेळी ती नवी नवरी होती. दोन तिरड्या एका दारातून निघताना तिनं पाहिल्या होत्या. ती आत वळली. धाकट्याला अंथरुणासकट उचलून अंगणात नेलं, मग थोरलीला. धाकटा ठोंब्या, नुकता बोलायला लागलेला, उचलला की पोत्यासारखा जड. थोरलीला टकळी म्हणायचे. डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत तोंड चालू.

पोरांना ठेवायला जागा एकच होती. गोठा.

दुपारी ती पाला आणायला डोंगरावर गेली.

ती लग्न होऊन आली तेव्हा हा डोंगर सोललेल्या गुडघ्यासारखा दिसायचा. वारा सुटला की ताटात माती. विहिरीला पाणी असायचं ते गढूळ, आणि उन्हाळ्यात तेही नसायचं. मग बाहेरची माणसं आली, म्हणाली डोंगर परत उभा करू. वस्तीनं चर खणले, खड्डे खणले. टकळी पोटात असताना तिनं टिकाव चालवला होता. पुढं खालच्या रोपवाटिकेत तिला काम मिळालं. पिशव्या भरायच्या, बी टोचायचं, पाणी घालायचं. वस्ती तिला रोपवाली म्हणायला लागली. झाडं माणसाच्या वर गेली, झऱ्याला पाणी आलं. पाण्यामागून पाखरं, हरणं, उंदीर, माकडं, सगळी आली.

डोंगराचा नियम सगळ्यांनी बसून ठरवला होता. कुऱ्हाड न्यायची नाही, गुरं सोडायची नाहीत. पण खाली पडलेला वाळका पाला ज्यांनी खणलं त्यांचा. प्रत्येक घराला डोंगराचा आपापला तुकडा. त्या पाल्यावर गोठे कोरडे राहायचे, गाईगुरांच्या अंगाखाली ऊब राहायची. इतक्या वर्षांच्या घामातून हातात येणारी अशी ती एकच गोष्ट होती आणि बायका तिच्यावर जीव टाकायच्या. कुणाच्या तुकड्यातला पाला मऊ यावरून पैजा लागायच्या.

तिच्या तुकड्यातला सगळ्यांत मऊ. हे तिचं तीच म्हणायची असं नाही, प्रश्नबाईनंही म्हटलं होतं.

प्रश्नबाई त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायची. शहरातल्या विद्यापीठातून आली होती. उजाड झालेला डोंगर परत आला की त्याच्या पायथ्याची माणसं कशी जगतात, हे पाहायला. पाहायला म्हणजे विचारायला. डोंगरावर आधी कोण जायचं, आता कोण जातं. भारा डोक्यावर का, पाठीवर का नाही. आत्या म्हणायची, "ही बया शिंक आली तरी विचारेल, आजी, ही तुम्ही कोणाकडून शिकलात?" बाई हसायची आणि तेही विचारायची. पाल्याचे भारे घेऊन हसणाऱ्या बायकांचा तिनं फोटो काढला होता. त्यात रोपवाली पुढं होती, तोंडभर हसत.

मग डोंगरात माकडं मरून पडायला लागली, आणि त्यांच्यामागून माणसांना ताप यायला लागला. बाईचे प्रश्न बदलले. ती कमी झोपायला लागली. शेवटी वस्तीतल्या लोकांच्या रक्ताच्या बाटल्या बर्फात घालून आरोग्यखात्याच्या गाडीबरोबर ती शहरात गेली ती अजून आली नव्हती.

रोपवालीनं पाल्यात कोपरापर्यंत हात घातला. वर कुरकुरीत, आत मऊ, त्याच्याखाली ओलसर, गार. खालचा काळा थर तिनं सोडला आणि मधला, गादीला चालेल असा तेवढा गोळा केला. दाबून दाबून भारा बांधला आणि मान ताठ ठेवून उतरली.

गोठ्याचा एक कोपरा तिनं खराट्यानं झाडून घेतला. गाईला दुसरीकडे बांधलं. रोपवाटिकेतली रिकामी पोती आणून त्यांत पाला भरला. भरताना एकेक मूठ हातावर पसरून पाहिली. काटा दिसला की काढला, काडी टोचेल असं वाटलं की मोडून टाकली. गालाला लागेल म्हणून उशाकडच्या पोत्यात फक्त बारीक पाला भरला. उरलेला खाली जाड पसरला, वर पोती, पोत्यांवर जुनी चादर, चादरीवर पोरांची गोधडी. मग ती बाहेर येऊन अंगणात लांब उभी राहिली. तापाच्या माणसाला हात लावलेली होती ती. पोरांजवळ जायचं नाही असं तिनं सकाळीच ठरवून टाकलं होतं.

"जा आता आत."

ठोंब्यानं पळत जाऊन अंथरुणावर अंग टाकलं. पाला करकरला. त्याला ते इतकं आवडलं की उठला आणि परत पडला, परत उठला आणि परत पडला.

टकळी मात्र दाराशीच उभी. "आम्ही इथं का झोपायचं?"

"बाबांना ताप आहे ना. तो घरात आहे. इथं ताप येत नाही."

"गाईला पण नाही येत?"

"गाईला पण नाही."

"मग बाबांनाच इथं आण की! गाईजवळ झोपले की बरे होतील."

"आणि गाईला झाला म्हणजे?"

टकळीनं थोडा विचार केला. "मग गाय घरात झोपेल," ती म्हणाली आणि भावाच्या अंगावर उडी मारून पडली.

आत्यानं गोठ्याच्या दाराशी आपली बाज टाकली. रोपवाली घरात नवऱ्याच्या उशाशी जाऊन बसली. बसल्या बसल्या तिला गोठ्यातून पाला करकरलेला ऐकू यायचा. पोरं कूस बदलतात, निवांत आहेत, एवढं त्यातून कळायचं. तेवढाच तिच्या जिवाला थारा होता.

दिवस असे जायला लागले. सकाळी नवऱ्याचं अंग पुसायचं, पेज करायची, ती त्यानं ओकली की परत करायची. पोरांचं ताट अंगणाच्या मधोमध ठेवून मागं सरायचं. आत्या येऊन घेऊन जायची. नळावर ती गेली की बायका हंडे सरकवून घ्यायच्या. कुणी वाईट बोलत नव्हतं, नुसते हंडे सरकायचे. वाण्यानं तर साबणाची वडी काठीनं ढकलली.

"हात का नाही चालत?" तिनं विचारलं.

"चालतो की," वाणी म्हणाला, "म्हणून तर जपतोय."

मागं उभी असलेली माणसं हसली. ती साबण उचलून घेऊन आली. त्याच साबणानं तिनं हात इतके धुतले की बोटांच्या पेरांना चिरा गेल्या.

रोपवाटिकेत आता कुणी येत नव्हतं, पण रोपांना ते कुठं ठाऊक. दिवसाआड ती जाऊन पाणी घालून यायची. तिथंच लोहार आला. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. बायको असती तर अशी लागली नसती.

"किल्ली दे," तो म्हणाला.

"कसली किल्ली, भाऊजी?"

"फाटकाची. वेड पांघरू नकोस. सगळ्यांचं ठरलंय. डोंगर पेटवायचा. माकडंही जातील आणि त्यांचा तापही जाईल."

"किल्ली ह्यांच्या कमरेला असते."

"मग सोड कमरेची. तापात त्याला काय कळतंय?"

"मला कळतं ना." झारी तिच्या हातात तशीच वाहत होती. एका पिशवीतून पाणी ओसंडून चाललं होतं. "तुमच्या हातचे टिकाव होते, भाऊजी. माझा दांडा मोडला तर तुम्ही तिथंच बसून बसवून दिलात."

"माझा हात मोडायला पाहिजे होता तेव्हा. डोंगर उघडा होता तेव्हा माझी बायको जिवंत होती."

"उघडा होता तेव्हा ती पाण्याला कुठवर जायची तेही सांगा."

"जायची. चालत जायची," लोहार म्हणाला. "स्वतःच्या पायांनी चालत जायची."

तिनं झारी खाली ठेवली. तो ओसंडणारी पिशवी पायानं सरळ करून निघून गेला.

आणि मग एका सकाळी नवऱ्याचा ताप उतरला.

घामानं अंथरूण भिजलं होतं आणि अंग गार. त्यानं पेज मागितली, ती पोटात ठरली. त्यानं आणखी मागितली. तिनं त्याला धरून उंबऱ्यात आणून बसवला. गळ्याची हाडं वर आली होती, तरी तोंडावर माणूसपण परतलं होतं.

"आरशात बघू का?" त्यानं विचारलं.

"नको. परत ताप येईल."

तो हसला. कितीतरी दिवसांनी. अंगणापलीकडे गोठ्याच्या दारात पोरं आली. ठोंब्यानं बापाला पाहिलं आणि दोन्ही हात पुढं करून धावला; आत्यानं मधेच त्याचा सदरा धरला. पोरगं हवेतच पाय मारत रडायला लागलं.

"सोड त्याला, आई," नवरा म्हणाला. "आता उतरलाय की."

"उतरला म्हणून गेला असं नसतं. दोन दिवस जाऊ देत."

नवऱ्यानं हात खाली घेतले. मग तो लांबूनच तोंडं करून दाखवायला लागला, गाल फुगव, डोळे फिरव. ठोंब्या रडता रडता हसला. टकळी तिकडून ओरडली, "बाबा, आमची गादी बघायला या! करकरते!"

"येतो, येतो. तुझी आजी पास देईल तेव्हा."

रोपवाली मधे उभी होती. दोन्हीकडे पाहत. तिला वाटलं, निभावलं. ह्यांनाही उठवलं आणि पोरांनाही जपलं. त्या दिवशी तिनं डोंगरावरून आणखी एक भारा आणला, आणि गोठ्यातलं अंथरूण नवं, आधीपेक्षा जाड करून दिलं. ठोंब्या दुपारभर त्यावरून उठला नाही. खेळून दमला असेल, असं ती दुरून पाहून म्हणाली.

दोन दिवसांनी उजाडता उजाडता ती उठली तर नवऱ्याच्या उशीवर रक्ताचा डाग. हिरड्यांतून येत होतं. ती पुसायची आणि परत यायचं. अंग पुन्हा भट्टी झालं होतं, आणि या वेळी तो तिला ओळखतही नव्हता.

"फाटक लाव," तो म्हणत होता. "शेळ्या शिरल्या आत. रोपं खातील. लाव की फाटक!"

"लावलं हो. लावलं. किल्ली बघा, ही कमरेला आहे." तिनं त्याचा हात धरून किल्लीवर ठेवला. क्षणभर त्याची बोटं थांबली, मग पुन्हा हवेत काहीतरी हाकायला लागली.

ती दारात येऊन ओरडली. कुणाला हाक मारायची ते न ठरवताच ओरडली. शेजारची दारं उघडली आणि अर्धी उघडीच राहिली. बाहेर आला तो एकटा लोहार. त्याच वेळी खालच्या वळणावर जीपचा आवाज आला.

जीपमधून प्रश्नबाई उतरली. डोळे सुजलेले, केस विंचरलेले नाहीत. ती सरळ घरात गेली, राखणदाराच्या तोंडाकडे, उशीकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "मागची सीट काढून टाक. आत्ताच न्यायचंय."

"हात लावू नका, बाई!" आत्या अंगणातून ओरडली.

"आजी, लावला तरी चालतो." बाईनं त्याच्या मानेखाली हात घातलासुद्धा. "कळलंय आता. रक्तात सापडलं. हा माणसाकडून माणसाला होत नाही. श्वासानं नाही, खोकल्यानं नाही. एका ताटात जेवलात तरी नाही."

आत्याच्या नाकावरचं फडकं हळूहळू खाली आलं. इतके दिवस जो उंबरा तिनं ओलांडला नव्हता तो ओलांडून ती आत आली, खाली बसली आणि मुलाचं डोकं मांडीवर घेतलं. "मग मी याच्यापासून लांब का बसले?" ती म्हणाली. "बाई, मग मी लांब का बसले?"

बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मग होतो कशानं?" लोहारानं विचारलं.

"गोचिडीनं. मोठ्या नाही, त्यांची पिल्लं. तिळाएवढी. त्याहून बारीक. माकडाच्या, उंदराच्या अंगावरून गळतात आणि खाली पाल्यात राहतात. कोणी बसलं, निजलं की अंगावर चढतात." बाई बोलता बोलता चादरीची टोकं गुंडाळत होती. "वहिनी, पाय धरा. पोरं कुठं आहेत?"

"पोरांची काळजी करू नका," रोपवाली म्हणाली. इतक्या दिवसांत तिच्याकडे सांगण्यासारखं हेच एक होतं आणि ते तिनं सांगितलं. "पहिल्या दिवसापासून घरात पाऊल टाकू दिलं नाही त्यांना. गोठ्यात ठेवलीत. मी स्वतः ताजा पा..."

शब्द तिच्या तोंडातच राहिला.

बाईच्या हातातलं चादरीचं टोक सुटलं. लोहार दारात उभा होता तो चौकटीला धरून खाली बसला. "तिला घाम यायचा फार," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "गादी ओली व्हायची. म्हणून मी पण तिला पाल्यावरच..."

रोपवाली तोवर अंगणात पोचली होती.

टकळी पाल्यात बसून पाल्याचंच घर बांधत होती. काड्यांचं दार होतं त्याला. ठोंब्या गोधडीवर कुशीवर पडला होता, जागा. तिनं दोघांना ओढून बाहेर उन्हात आणलं आणि त्यांचे कपडे काढले. बाई मागोमाग चिमटा घेऊन आली. दोघी गुडघ्यांवर बसून पोरांची अंगं बघायला लागल्या. कानांमागं, काखेत, जांघेत, केसांच्या मुळांशी. टकळीला गुदगुल्या होत होत्या. "आई, काय हरवलंय?" ती हसत विचारत होती.

"मी काटे काढले होते," रोपवाली म्हणत होती. "एकेक मूठ बघितली होती हो, बाई. एकेक मूठ. काटा ठेवला नव्हता."

"हो, वहिनी."

"तुम्ही इतकं विचारलंत. पाला किती नेता, कोण नेतं, ओला का सुका. त्यावर कोण झोपतं ते का नाही विचारलं?"

"कोणी झोपत नव्हतं," बाई म्हणाली. "मी होते तोवर कोणी झोपत नव्हतं."

टकळीच्या मानेवर, केसांखाली एक सापडली. ठिपक्यासारखी. चिमट्यात धरल्यावर तिचे पाय हलले तेव्हा कळलं की जिवंत आहे. ठोंब्याच्या गुडघ्याच्या मागच्या घडीत दोन होत्या, रक्त पिऊन टम्म, आणि जांघेत आणखी. बाई काढत होती आणि रोपवाली त्याला धरून होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं त्याला अंगाशी घेतलं होतं. पोट तिच्या पोटाला टेकलं आणि तिला जाणवलं.

"उन्हात बसलाय म्हणून," ती घाईनं म्हणाली. "ऊन केवढं आहे."

बाईनं त्याला उचलून सावलीत नेलं आणि कपाळावर हात ठेवला. तो हात तिनं लवकर काढला नाही.

"पाणी," ठोंब्या म्हणाला.

रोपवालीनं पेला भरून त्याच्या ओठांना लावला. पेला वाजायला लागला. बारीक, भराभर. त्याचे दात दुधाचे होते, म्हणून आवाज आणखी बारीक.

ती पेल्याकडे बघत राहिली. पाणी हनुवटीवरून त्याच्या छातीवर, छातीवरून तिच्या हातावर गळत होतं.

"औषध असेल ना, बाई?" आत्यानं दारातून विचारलं. "एवढं रक्त घेऊन गेलात. औषध आणलं असेल ना?"

"असं औषध नाही, आजी. सलाईन लावतात. रक्त चढवतात. जवळ बसून लक्ष ठेवतात. त्यानं माणसं वाचतात, पुष्कळ वाचतात." बाईनं पुष्कळ हा शब्द दोनदा म्हटला.

राखणदाराला लोहारानं एकट्यानं उचललं. घण चालवणारा हात होता त्याचा, तरी तिरपा होत होत, दाराच्या चौकटीला डोकं लागू न देता त्यानं त्याला जीपमध्ये नेऊन निजवलं. रोपवालीनं नवऱ्याच्या कमरेचा करगोटा सोडला. गाठ घट्ट बसली होती, दातांनी सोडवली. किल्ली लोहाराच्या हातावर ठेवली.

"घ्या. काय करायचं ते करा."

लोहारानं किल्ली उलटीपालटी केली. ती त्यानंच घडवलेली होती. "बाई, पेटवला तर जाईल का हे सगळं?"

"पाला जाईल. झाडं जातील." बाई म्हणाली. "गोचीड जाईल का, मला नाही सांगता येत. उंदीर जळत नाहीत, बिळात जातात. पण घराघरांतल्या गोठ्यांत भरून ठेवलेला पाला आज बाहेर काढायला पाहिजे. आज."

लोहारानं डोंगराकडे पाहिलं. मग किल्ली खिशात टाकली, वाणीण कुंपणावरून बघत होती तिच्याकडून फावडं मागून घेतलं आणि गोठ्यात शिरला. पाल्याचा ढीग ओढून ओढून अंगणाच्या कडेला आणला. पोती आणली. टकळीचं घरही त्यातच आलं. त्यानं काडी ओढली. वरचा पाला भसकन पेटला, खालचा ओला नुसता धुमसायला लागला, पांढरा धूर जमिनीलगत पसरला.

रोपवाली जीपमध्ये चढली. नवऱ्याचे पाय एका बाजूला, बाई त्याच्या उशाशी, आणि मांडीवर ठोंब्या, चादरीत गुंडाळलेला. तो आता पाणी मागत नव्हता. डोळे अर्धे मिटून तिच्या गळ्यातल्या मण्याशी बोटानं खेळत होता, मधेच विसरत होता.

"टकळीकडे लक्ष ठेवा, आत्या. रोज अंग बघा. जरा जरी कोमट लागली..."

"ठेवते. तू जा."

टकळी गोधडी छातीशी घट्ट धरून जीपजवळ आली. मानेवर चिमट्याची लाल खूण. लोहार मागून हळूच म्हणाला, "बाळ, ती गोधडी पण टाकायची आहे. दे इकडे."

"ही आमची आहे."

"नवी देईन. दे."

तिनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. मग तिनं गोधडी दिली, आणि ती धुरात जाईपर्यंत वळून बघत राहिली.

"आई, मग मी कुठं झोपू?"

"घरात. आजीच्या कुशीत."

"पण ताप घरात आहे ना?"

"नाही गं. घरात नव्हता तो."

"तूच म्हणालीस घरात आहे. गोठ्यात येत नाही म्हणालीस." ती रागानं बोलत नव्हती. चुकून काही राहिलंय आणि ते नीट समजून घ्यायचंय, एवढंच तिच्या तोंडावर होतं. "मग ठोंब्याला गोठ्यात कसा आला?"

ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. जीप थरथरली, तसं ठोंब्याचं डोकं तिच्या दंडावर हलायला लागलं. टकळीनं जीपच्या फळीला दोन्ही हातांनी धरलं, टाचा उंचावल्या, आणि इंजिनाच्या आवाजात आईला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं विचारलं,

"आई, सांग ना, मग ताप कुठं येत नाही?"